औषधाची चिठ्ठी कोणी लिहायची?

भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात रात्री पोराला ताप चढला, तर घरचे डॉक्टरच्या नावापुढची पदवी वाचत बसत नाहीत. ज्या दवाखान्याचा दिवा चालू असेल तिकडं पळतात. तिथं बसलेला डॉक्टर बहुधा आयुर्वेदाचा बीएएमएस नाहीतर होमिओपॅथीचा बीएचएमएस असतो. एमबीबीएसच गाठायचा म्हटलं तर सरकारी दवाखान्याची वेळ सांभाळायची, नाहीतर भूम-बार्शीची वाट धरायची. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो. तिच्यावर पॅरासिटामॉल असतं, पुष्कळदा अँटिबायोटिकही असतं.

ही चिठ्ठी लिहायचा अधिकार त्याला आहे का, हे त्याच्या पदवीवर ठरतं. आयुर्वेदाचं उत्तर जुनं आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 मध्ये राज्य सरकारांना एक मुभा आहे: इतर पद्धतींच्या नोंदणीकृत डॉक्टरांना आधुनिक औषधं लिहिण्यासाठी पात्र ठरवता येतं. महाराष्ट्राने नव्वदच्या दशकात ती वापरली. 1998 साली मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला चौकट घातली. राज्याच्या कायद्याने आधुनिक औषधोपचाराचा हक्क दिला असेल, तरच ही पात्रता टिकते.

होमिओपॅथीचं प्रकरण मात्र चिघळलं, आणि त्याच्या मुळाशी मुंबईतला एक मृत्यू आहे. जुलै 1992 मध्ये एका तरुण गृहस्थाला ताप आला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने आधी विषाणूचा ताप समजून आणि मग टायफॉइड समजून अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली. रक्त तपासलं नाही. प्रकृती ढासळत गेली, मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंत शुद्ध हरपली होती आणि माणूस हातचा गेला. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: जी पद्धत शिकलो नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा. पत्नीला तीन लाख रुपये भरपाई मिळाली.

त्यानंतर 2014 मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला. औषधशास्त्राचा एक वर्षाचा ‘सीसीएमपी’ अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथना आधुनिक औषधं लिहायची वाट उघडली. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो अभ्यासक्रम सुरू केला. इंडियन मेडिकल असोसिएशन न्यायालयात गेली. जून 2025 मध्ये महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने या डॉक्टरांची नोंदणी सुरू करायचं जाहीर केलं, विरोध झाला, काम थांबलं. सप्टेंबरमध्ये सरकारने नोंदणी सुरू करण्याचा आदेश काढला आणि 18 तारखेला राज्यभरातल्या अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांनी संप केला.

निसर्गोपचाराचा मामला याहून वेगळा. गांधीजींनी 1946 साली पुणे जिल्ह्यातल्या उरुळी कांचनला आश्रम काढला, मणिभाई देसाईंनी तो उभा केला. माती, पाणी, आहार, उपवास. औषधाविना उपचार हाच तिथला पाया. निसर्गोपचाराचा साडेपाच वर्षांचा बीएनवायएस अभ्यासक्रम आज आहे, पण भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी 2020 साली झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात निसर्गोपचार नाही. कॅनडात मात्र निसर्गोपचाराचे डॉक्टर आधुनिक औषधं लिहितात: ब्रिटिश कोलंबियात 2009 पासून, ऑन्टारियोत 2015 पासून. तिथं त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. ऑन्टारियोत तर ठरलेल्या यादीबाहेरचं औषध लिहिताच येत नाही.

यादीची ही कल्पना आपल्याकडे नीट चर्चेला यायला हवी. आपला वाद पदवीभोवती फिरतो, धोका मात्र औषधागणिक बदलतो. तापाला पॅरासिटामॉल देणं वेगळं आणि पंधरा दिवसांच्या खोकल्याला लिव्होफ्लॉक्सासिन देणं वेगळं. हे अँटिबायोटिक क्षयाच्या जंतूंवरही चालतं. रुग्णाला काही दिवस बरं वाटतं, थुंकीची तपासणी राहून जाते, निदान लांबतं आणि तोवर घरातल्या म्हाताऱ्यांना, लेकरांना लागण होऊ शकते. ही चूक एमबीबीएस डॉक्टरच्या हातूनही होते. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाने ती टळेल का, ही असोसिएशनची शंका रास्तच आहे. पण संप करणाऱ्यांनी ईटला रात्री कोण बसणार, याचंही उत्तर द्यायला हवं. खेड्यातला माणूस आयुर्वेद-होमिओपॅथीच्या डॉक्टरवरच विसंबून आहे आणि उद्याही राहणार आहे. म्हणून अधिकार द्यायचा तर औषधाचं नाव घेऊन द्यावा, आणि रुग्ण कधी पुढे पाठवायचा हेही त्यात लिहावं.

तपासायची सोय आधीच आहे. 2014 पासून अनेक अँटिबायोटिक आणि क्षयाची औषधं ‘एच-वन’ यादीत आहेत. ती विकताना औषध दुकानदाराने रुग्णाचं, चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचं आणि औषधाचं नाव, किती दिलं त्यासह, वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. अन्न व औषध प्रशासनाने तालुक्या-तालुक्यातल्या या वह्या आरोग्य खात्यासोबत बसून वाचल्या, तर कोणत्या पदवीचा डॉक्टर कोणतं औषध किती लिहितो, हे निर्णयाआधीच कळेल.