बीपी २१ की १६०? आकड्याआधी एकक पाहा

"डॉक्टर, बाबांचं बीपी एकदम उतरलंय. मशीन एकवीस-बारा दाखवतंय." भिवंडीतून एका मुलाचा फोन आला. बाबांनी यंत्रमागावर आयुष्य काढलेलं, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू. घरच्यांनी घाबरून त्या दिवशीची गोळी दिली नाही, उलट मीठ घातलेलं लिंबू सरबत पाजलं. मी मशीनचा फोटो मागवला. पडद्यावर २१.३ आणि १२.७, नाडी ८४. म्हणजे बीपी होतं १६०/९५. उतरलेलं नाही, वाढलेलं!

मशीन बिघडलेलं नव्हतं. अनेक डिजिटल मशीनमध्ये दोन एककं असतात: पाऱ्याचे मिलिमीटर (एमएमएचजी) आणि किलोपास्कल (केपीए). बटण चुकून जास्त वेळ दाबलं गेलं, की एकक बदलतं. पडद्यावर ते इतक्या बारीक अक्षरांत असतं की चाळिशीनंतर चष्म्याशिवाय दिसत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. आकड्यात दशांश चिन्ह दिसलं, तर ते किलोपास्कल. नाडीचा आकडा मात्र दोन्हीकडे तोच राहतो. आणि वरचं बीपी खरोखर २१ मिलिमीटर असतं, तर बाबा सरबत प्यायला शुद्धीवरच नसते.

किलोपास्कलला साडेसातने गुणलं की मिलिमीटर मिळतात. तोंडी करायचं तर १५ ने गुणा आणि निम्मं करा: २१.३ गुणिले १५ म्हणजे ३१९.५, त्याचं निम्मं साधारण १६०. या हिशोबाने १२०/८० म्हणजे १६/१०.७, आणि १४०/९० म्हणजे १८.७/१२. एक जोडी मात्र लक्षात ठेवाच: २४/१६ म्हणजे १८०/१२०. पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजल्यावरही आकडा तेवढाच किंवा जास्त आला, तर लगेच डॉक्टरांशी बोला. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

बीपी पाऱ्यात का मोजतात? जुन्या यंत्रात काचेच्या नळीत पारा चढायचा, तो किती मिलिमीटर चढला तेच बीपी. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणून १२० मिलिमीटर पाऱ्याचा दाब पाण्यात मोजला, तर सुमारे १६३ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ लागेल, जवळजवळ माणसाएवढा. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरवर दाब बारमध्ये असतो. तिथे हेच १२० म्हणजे जेमतेम ०.१६ बार.

या उंचीच्या हिशोबाचा घरीही संबंध येतो. हात हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर बीपी साधारण ८ मिलिमीटरने जास्त दिसतं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला हवा.

एकक परत बदलायची रीत प्रत्येक मशीनची वेगळी. माहितीपुस्तिका पाहा किंवा औषधाच्या दुकानात करून घ्या. वहीत आकड्यापुढे एककही लिहा. त्या मुलाने पाठवलेल्या वहीत आधीचे तीन दिवसही १९ आणि २० असेच आकडे होते, आणि त्या तिन्ही दिवशी गोळी अर्धीच दिली होती. ती त्याच दिवशी पूर्ववत सुरू केली.