बर्किटची गाठ आणि अंगणातली सदाफुली



रोगजंतूंशी लढण्यासाठी देवाने आपल्या शरीरात पांढऱ्या पेशी ठेवल्या आहेत. क्वचित त्यांतल्याच काही पेशी बिघडून भराभर वाढतात. युगांडात काम करणारे आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट (मोठे श्रद्धावंत ख्रिस्ती गृहस्थ!) यांनी मुलांच्या जबड्यावरील अशा गाठींचे वर्णन 1958 साली प्रसिद्ध केले, म्हणून ही बर्किटची गाठ. आफ्रिकेबाहेर ती बहुधा पोटात होते. तिच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. तेव्हा मुलाचे पोट फुगू लागले, हाताला गाठ लागली, तर ‘सुगी आटोपली की दाखवू’ असे म्हणू नये.

नवल असे, की वेगाने वाढणारी ही गाठ औषधाने तितक्याच वेगाने विरघळते. इतकी, की मेलेल्या पेशींचा कचरा मूत्रपिंडांना झेपत नाही. म्हणून पहिले काही दिवस इस्पितळात ठेवून भरपूर सलाईन देतात.

पण गाठ दिसेनाशी झाली म्हणजे रोग गेला असे नव्हे, आणि पुष्कळ घरे इथेच फसतात. लव्हाळा खुरपला की रान स्वच्छ दिसते, पण त्याच्या गाठी मातीत असतात. पाऊस पडताच तो पुन्हा उठतो. एका औषधाला दाद न देणारी पेशी दुसऱ्याने मरावी म्हणून सायक्लोफॉस्फमाइड, विन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन, मेथोट्रेक्सेट अशी औषधे मिळून, ठराविक अंतराने, काही महिने देतात. रोग मेंदूकडे जाऊ नये म्हणून पाठीच्या कण्यातूनही औषध सोडतात. अलीकडे काही रुग्णांना रिटुक्सिमॅबही देतात. उपचार पुरे केले, तर चांगल्या केंद्रांत दहांपैकी जवळजवळ नऊ मुले बरी होतात.

यांतील विन्क्रिस्टिन आपल्या दारच्या सदाफुलीपासून काढतात. मात्र शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ते जेमतेम एक ग्रॅम निघते. पानांचा रस घरी काढून मुलाला पाजू नका. ती वनस्पती विषारी आहे.

औषध चालू असताना अंगातील प्रतिकारशक्ती फार घटते. मुलाला गोठा, शेणखत व बुरशी आलेला कडबा यांपासून दूर ठेवावे. केस गळतात, ते पुन्हा येतात. त्याची काळजी नको. मात्र ताप 100.4 अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहता, रात्री असेल तरी रात्रीच, इस्पितळ गाठावे.