उन्हाळ्यात आंधळा होणारा राखणदार

रायपुरात दिवेलागणीच्या वेळी पहाऱ्याच्या कॅमेऱ्याखाली थोडा वेळ गप्प उभे राहा. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. एखादी पाल चुकचुकावी तसा. कॅमेऱ्याच्या पोटातली काचेची एक चकती बाजूला सरकलेली असते आणि त्या क्षणापासून कॅमेरा आपल्याला न दिसणारा उजेड पाहू लागतो.

आपली नजर साधारण 700 नॅनोमीटरच्या लाल रंगापाशी थांबते. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला मात्र जवळजवळ 1100 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश जाणवतो. दिवसा या जादा प्रकाशाने रंग बिघडतात, म्हणून ती चकती तो अडवते. रात्री ती हटते आणि लेन्सभोवतीचे 850 नॅनोमीटरचे दिवे लागतात. अंगण उजेडाने भरून जाते, पण आपण अंधारातच असतो! खरे वाटत नसेल तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच मोबाइलमध्ये जांभळट ठिणगी दिसते.

हे पाहिल्यावर जयस्तंभ चौकातल्या रवि भवनात कॅमेरा घ्यायला गेलात, की पहिला प्रश्न ‘किती मेगापिक्सेल?’ हा नको. ‘लेन्स किती मिलिमीटरची?’ हे विचारा. अनोळखी चेहरा खात्रीने ओळखायला चित्रात दर मीटरला सुमारे 250 ठिपके, म्हणजे पिक्सेल, हवेत, असा या क्षेत्रातला रूढ हिशेब आहे. दोन मेगापिक्सेलच्या चित्राच्या रुंदीत 1920 ठिपके मावतात. म्हणजे पावणेआठ मीटर रुंदीचे दृश्य झाले की ठिपके संपले. 2.8 मिलिमीटरची लेन्स एवढी रुंदी जेमतेम तीन-चार मीटरवरच गाठते. अंगणभर सगळे दिसते, पण फाटकापाशी कोण उभे आहे ते कळत नाही. त्याच कॅमेऱ्याला 6 मिलिमीटरची लेन्स लावा, तोच चेहरा सुमारे आठ मीटरवरून ओळखू येतो. बदलतो तो फक्त काचेचा एक तुकडा.

उंचीचेही तसेच. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी परिचारिका. घरासाठी कॅमेऱ्याच्या पहाऱ्याची कल्पना तिने नवऱ्यासोबत मांडली आणि 2 डिसेंबर 1969 रोजी त्यांना पेटंट मिळाले. तिच्या दाराला एकाखाली एक चार झरोके होते आणि कॅमेरा त्यांच्यामागे वर-खाली सरकायचा. आलेल्या माणसाची उंची कितीही असो, चेहरा दिसावा म्हणून. आपण मात्र कॅमेरा छतालगत ठोकतो आणि टाळूचे चित्रण जमवत बसतो. (मे महिन्यात रायपुरात निम्मे लोक तोंडाला गमछा गुंडाळून फिरतात, तेव्हा कोणाला चोर म्हणावे हाही प्रश्नच!)

मे महिन्याची खरी गंमत निराळीच. बॅटरीवर चालणारे बरेच कॅमेरे एरवी झोपलेले असतात. त्यांना जागे करतो पीआयआर नावाचा एक लहानसा डोळा. तो प्रकाश नव्हे, उष्णता पाहतो. माणसाच्या अंगातून सुमारे 10 मायक्रोमीटर लांबीच्या लहरी सतत बाहेर पडत असतात. थंड भिंतीसमोरून उबदार अंग सरकले की या डोळ्याला फरक जाणवतो. पण पारा 44-45 ला टेकलेल्या दिवसानंतर भिंत रात्री उशिरापर्यंत धगधगत असते. ती निवत निवत येते आणि एका घटकेला नेमकी माणसाच्या कातडीएवढी, म्हणजे 33-34 अंशांची होते. त्या वेळी समोरून चालणारा माणूस या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. फाटकासाठी तारेने जोडलेला, सतत चित्रण करणारा कॅमेरा घ्यावा असे माझे ठाम मत आहे, ते यामुळेच.

उन्हाळा सरला म्हणून सुटका नाही. भात पिकायला आला की धानावरचे तुडतुडे, ज्यांना इकडे माहो म्हणतात, दिव्यांवर झुंबड करतात. लेन्सपासून दहा सेंटीमीटरवरच्या किड्यावर पाच मीटरवरच्या फाटकापेक्षा 2500 पट उजेड पडतो. अंतर पन्नास पट कमी, म्हणून उजेड पन्नासचा वर्ग. तो इवलासा माहो पडद्यावर पांढरा गोळा होतो आणि त्याला सावरताना कॅमेरा बाकीचे चित्र काळे करून टाकतो. उरला-सिलतराच्या कारखान्यांकडून येणारी काजळी काचेवर बसली की धुकेच पसरते. उपाय स्वस्त आहे: अदृश्य उजेडाचा दिवा कॅमेऱ्यापासून चार हात लांब, वेगळा लावायचा.

साठवणुकीचे गणित सोपे आहे. सेकंदाला दोन मेगाबिटने चालणारे चार कॅमेरे दिवसाला सुमारे 86 जीबी भरतात. एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवस पुरते.

आणि पासवर्ड. 2016 मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने कंपनीने दिलेलेच पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. भारतात 9 एप्रिल 2025 पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेची सरकारी चाचणी सक्तीची झाली आहे. त्याचा दाखला दुकानदाराकडे मागा.

पैसे चुकते करण्याआधी मात्र रात्री एकाला फाटकापाशी उभे करा आणि मोबाइलवर त्याचा चेहरा ओळखता येतो का ते पाहा. चित्र धुरकट दिसले तर नवा कॅमेरा मागण्याआधी काचेवरचे कोळ्याचे जाळे पुसून घ्या.