आधी काय ओतलं ते सांगा

मोरी तुंबली की कॉस्टिक सोड्याची पुडी आणली जाते. पुडी टाकूनही पाणी उतरलं नाही, तर खरा धोका तिथून पुढे सुरू होतो. जाळीवर साचलेलं ते पाणी दिसतं साध्या सांडपाण्यासारखं, पण कातडी भाजण्याइतकं तीव्र असतं. नेमका तेव्हाच हात दुसऱ्या वस्तूकडे जातो: फरशीचं अ‍ॅसिड, नाहीतर गावात पिण्याच्या पाण्यात टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. कॉस्टिकवर अ‍ॅसिड पडलं की उष्णतेने द्रावण उसळून अंगावर येतं. टीसीएल आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला, तोच हा वायू. खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड, तो जमिनीलगत साचतो. आणि मोरी साफ करणारा उकिडवा बसलेला असतो.

कुणी म्हणेल, लिंबू पिळलं की सोडा मरतो. मरतो खरा, पण मरताना तापतो, आणि किती लिंबं पुरतील हे घरात मोजता येत नाही. कुणी म्हणेल, वाशिमकडच्या मानोरा-रिसोडच्या खेड्यात प्लंबर लगेच कुठून येणार? अडचण खरी आहे. म्हणून तर रबरी पंप आणि तार पुडीच्या आधी वापरायची, नंतर नाही. सोडा पडल्यावर पंप मारला तर शिंतोडा थेट डोळ्यांत जातो. तेव्हा पुडीवर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा, पोरांना लांब ठेवावं, वर पाणी ओतू नये. उन्हाळ्यात नळाला पाणी नसतं, म्हणून स्वच्छ पाण्याची भरलेली बादली आधीच जवळ असावी. डोळ्यात गेलंच तर किमान वीस मिनिटं धुऊन दवाखाना गाठावा. साचलेलं पाणी उपसायचं तर रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, प्लास्टिकच्या मगाने. जर्मनचा गंज, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, नको. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक खातं आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो.

एवढं करूनही निघालं नाही, तर जाळीखालचा नहाणी ट्रॅप उघडायला माणूस येईल. 'काही टाकलं नाही' असं संकोचापोटी त्याला सांगणं हा सगळ्यांत मोठा अपराध. गटारात आणि सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांविना माणूस उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा ठरवलं. मोरी तेवढी खोल नसते, पण हात त्याच माणसाचा असतो. रिकामी पुडी फेकू नका. तो वाकण्याआधी त्याच्या हातात द्या.