हिरवी पाटी, काळा धूर

कपाचा तुटलेला कान जोडायला आपण अरल्डाइट आणतो. त्याच्या एका ट्यूबमध्ये इपॉक्सी रेझिन असते, दुसरीत ते घट्ट करणारे हार्डनर. दोन्ही कालवले की काही तासांत दगडासारखा पदार्थ बनतो. हेच रेझिन काचधाग्यांच्या कापडात मुरवून टीव्ही, संगणकातील हिरवी पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड तयार करतात. आमच्या अंधेरीत १९७३ साली सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले, ते अशाच इलेक्ट्रॉनिक मालासाठी.

बोर्ड तापतो, कधी ठिणगी उडते, आणि नुसते रेझिन पेट घेते. म्हणून त्यात बहुधा ब्रोमीनयुक्त रसायन मिसळतात. आच लागताच ब्रोमीन सुटते आणि ज्वाळा पसरू देत नाही. हे रसायन रेझिनशी जखडलेले असते. त्यामुळे टीव्हीजवळ बसायला घाबरू नये.

धोका दोन वेळी असतो.

पहिला, रेझिन ओले असताना. फरशीवर इपॉक्सीचा लेप देणारे कारागीर बोटांना खाज, पाण्याचे फोड, सुजलेल्या पापण्या घेऊन येतात. गजकर्ण समजून मलम चोळत बसतात. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सोबत करते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हात थिनरने पुसू नयेत, साबणाने धुवावेत.

दुसरा, बोर्ड जाळताना. साकीनाका-कुर्ला भागात जुन्या यंत्रांच्या भंगाराचा मोठा धंदा आहे. भंगारवाला तुमच्या गावातही येतोच. तांब्यासाठी बोर्ड उघड्यावर जाळला की आग रोखणारे तेच ब्रोमीन धुरातून बाहेर पडते. त्याच्या आम्लवायूने डोळे चुरचुरतात, दम लागतो. त्यातून बनणारी डायॉक्सिनसारखी विषे शरीरातील चरबीत वर्षानुवर्षे साठून राहतात. जुन्या बोर्डांच्या डाखातील शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुना टीव्ही, संगणक नोंदणीकृत केंद्राकडे किंवा कंपनीच्या परतीच्या योजनेत द्यावा. अंगणातल्या शेकोटीत बोर्ड, वायरी मुळीच टाकू नयेत.

आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा खाज, खोकल्याबरोबर आपले कामही सांगा. निम्मे निदान तिथेच होते.