वडिलांची गिटार शोधणारी मुलगी

मिशेल सिंक्लेअर दोन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा तिचे वडील गेले. त्यांच्याबद्दल तिला स्वतःचं असं काही आठवत नाही. हाताशी होते ते फोटो, रेकॉर्ड आणि इतरांनी सांगितलेल्या गोष्टी. मोठी झाल्यावर तिने ठरवलं, ज्यांनी वडिलांबरोबर वाजवलं, प्रवास केला, त्या सगळ्यांना जाऊन भेटायचं आणि ते काय सांगतात ते कॅमेऱ्यात टिपून ठेवायचं. त्यातून ‘शिकागो : द टेरी कॅथ एक्सपिरियन्स’ हा माहितीपट तयार झाला. २०१६ मध्ये टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला.

टेरी कॅथ हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात नवल नाही. रॉक संगीत आवडीने ऐकणाऱ्यांपैकीही अनेकांना ते चटकन आठवत नाही. ‘शिकागो’ हा त्याचा बँड मात्र जगभर गाजला. आपल्याकडे हा बँड माहीत असेल तर तो बहुधा ‘हार्ड टू से आय ॲम सॉरी’ या हळव्या प्रेमगीतामुळे. पण ते गाणं आलं १९८२ मध्ये आणि टेरी गेला १९७८ मध्ये. म्हणजे आपण ज्याला शिकागो म्हणून ओळखतो, तो टेरीनंतरचा शिकागो आहे.

त्याच्या वेळचा बँड फार वेगळा होता. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन वाजवणारे तिघे, जोडीला ड्रम, कीबोर्ड, बास आणि या सगळ्यांच्या मधोमध टेरीची दणदणीत गिटार. टेरी शिकागो शहरातच जन्मला, वाढला. गिटार बहुतेक आपली आपणच शिकला, आधीच्या एका बँडमध्ये तर तो बास वाजवायचा. नव्या बँडने शहराच्या बस-रेल्वे चालवणाऱ्या संस्थेचं नाव घेतलं, ‘शिकागो ट्रान्झिट अथॉरिटी’. १९६९ मध्ये याच नावाचा पहिला अल्बम आला. पुढे त्या संस्थेने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि नाव नुसतं ‘शिकागो’ उरलं.

त्या पहिल्या अल्बममध्ये ‘फ्री फॉर्म गिटार’ नावाचा जवळपास सात मिनिटांचा तुकडा आहे. लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरच्या फार जवळ गेला की कानठळ्या बसवणारी जी किंकाळी येते, ती आठवा. गिटारमधूनही तसाच आवाज निघतो. बाकीचे लोक तो टाळतात, टेरीने त्याचंच संगीत केलं. आवाज बदलणारी पेडल न वापरता, फक्त गिटार आणि ॲम्प्लिफायर. खरं सांगायचं तर हा तुकडा ऐकायला सोपा नाही. घरात कोणी दुपारी झोपलं असेल तर मोठ्याने लावूच नका. पण एक माणूस सहा तारांमधून काय काय बाहेर काढू शकतो, ते इथे कळतं.

सोपी सुरुवात हवी असेल तर १९७०चं ‘२५ ऑर ६ टू ४’ ऐका. या विचित्र नावाचा अर्थ साधा आहे. रात्रभर जागून गाणं लिहायला बसलेला माणूस घड्याळ बघतो, तर पहाटेचे चार वाजायला २५ की २६ मिनिटं कमी आहेत! गाणं लिहिलं कीबोर्ड वाजवणाऱ्या रॉबर्ट लॅमने, गायलं पीटर सेटेराने. पण मधे गिटार सुरू होते आणि गाणं टेरीचं होऊन जातं.

जिमी हेंड्रिक्सला रॉक गिटारचा राजा मानतात. शिकागोच्या सुरुवातीच्या काळात हा बँड हेंड्रिक्सच्या कार्यक्रमांत आधी वाजवायचा. तुमचा गिटारवाला माझ्यापेक्षा सरस आहे, असं हेंड्रिक्स आपल्याला म्हणाल्याचं सॅक्सोफोनवादक वॉल्टर पॅराझायडरने पुढे अनेकदा सांगितलं. या किश्शाचा साक्षीदार तो एकटाच, शिवाय तो टेरीचा मित्र. त्यामुळे कोण मोठा, हा वाद त्यावर मिटवायला नको. माहितीपटाच्या नावातला ‘एक्सपिरियन्स’ हा शब्द मात्र हेंड्रिक्सच्या बँडच्या नावाची आठवण करून देतो.

मग हा माणूस मागे का राहिला?

एक कारण अल्बमच्या मुखपृष्ठांवरच दिसतं. शिकागोच्या अल्बमवर वळणदार अक्षरांतलं बँडचं नाव असायचं, वादकांचे चेहरे नसायचे. अल्बमना नावांऐवजी क्रमांक असायचे. गाणारेही तिघे, टेरी त्यातला एक. ‘कलर माय वर्ल्ड’ आणि ‘मेक मी स्माइल’ या गाण्यांतला भारदस्त आवाज टेरीचा आहे, हे रेडिओवर ऐकणाऱ्याला कसं कळणार? त्यात १९७६ मध्ये सेटेराने गायलेलं ‘इफ यू लीव्ह मी नाऊ’ अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. लोकांना शिकागोकडून तशीच शांत प्रेमगीतं हवी झाली. अशा गाण्यांत भन्नाट गिटारला जागा कितीशी मिळणार?

२३ जानेवारी १९७८ला लॉस एंजेलिसमध्ये बँडच्याच एका सहकाऱ्याच्या घरी टेरी पिस्तूल हाताळत होता. ते रिकामं आहे असं समजून त्याने स्वतःवर रोखलं, आणि गोळी सुटली. बत्तिसावा वाढदिवस आठ दिवसांवर होता. त्याच वर्षी आलेल्या ‘हॉट स्ट्रीट्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर बँडच्या सगळ्यांचे चेहरे पहिल्यांदा ठळकपणे झळकले. टेरीच्या जागी गिटार घेऊन दुसरा कोणी उभा होता.

माहितीपटात जो वॉल्श, जेफ लिन, स्टीव्ह ल्यूकेथर अशी मोठी नावं टेरीच्या वादनाबद्दल बोलतात. ते चांगलंच आहे. पण मला जास्त भिडते ती मिशेलची गिटारची शोधाशोध. टेरीकडे फेंडर कंपनीची टेलिकास्टर गिटार होती. पिगनोज नावाच्या चिमुकल्या ॲम्प्लिफायरच्या कंपनीत त्याने पैसे गुंतवले होते आणि त्याच कंपनीचे स्टिकर त्याने या गिटारवर दाटीवाटीने चिकटवले होते. शेजारी शिकागो ब्लॅकहॉक्स या आइस हॉकी संघाचं चिन्ह. शाळकरी पोरं कंपासपेटी सजवतात, तशी ही गिटार! ती हरवली असंच बरीच वर्षं सगळे धरून चालले होते. अखेर ती मिशेलला एका नातेवाइकाच्या घरी सापडली.

२०१६ मध्येच शिकागोला ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’चा सन्मान मिळाला. टेरीच्या वाट्याचा सन्मान घ्यायला मिशेल व्यासपीठावर गेली.

माहितीपट बघण्याआधी किंवा नंतर १९७७च्या अकराव्या अल्बममधलं ‘लिटल वन’ जरूर ऐका. ड्रमर डॅनी सेराफिनने एका मित्राबरोबर ते लिहिलं, आपल्या लहान मुलींसाठी. गायलं मात्र टेरीने. तेव्हा मिशेल जेमतेम वर्षाची होती.