न्हाणीघरातले पाणी का तापत नाही?

नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावून ऊन पाण्याने स्नान करण्याचा रिवाज महाराष्ट्रात आहे, तसाच तमिळनाडूतही आहे. 'गंगास्नान झाले का?' असे त्या दिवशी तेथे एकमेकांना विचारतात. तंजावरचे भोसल्यांचे राज्य 1855 साली संपले; परंतु तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या पहाटेचे अगत्य दोन्हीकडून आहे. मात्र महाराष्ट्रात दिवाळीपर्यंत पाऊस बहुधा ओसरतो, तर तंजावरास तेव्हा ईशान्य मोसमी पावसाचे दिवस असतात. ढगाळ आकाशाखाली सौर बंब कोमट पाणी देतो, सरपण ओलावते आणि सारा भार विजेच्या गीझरवर येतो. तोच तापेनासा झाला तर?

तांब्याच्या बंबाचे दुखणे डोळ्यांना दिसे: ओले लाकूड, राखेने कोंदलेली जाळी. गीझरचे दुखणे आत झाकलेले असते. तरीही विचारावयाचे प्रश्न तेच तीन आहेत.

पहिला, उष्णता उत्पन्न होते का? बटण चालू असून दिवा लागत नसेल, तर वीजच आलेली नसेल, किंवा पाणी अती तापल्यामुळे आतील संरक्षक कळीने प्रवाह तोडला असेल. दिवा लागूनही पाणी गारच राहिले, तर बहुधा कॉईल तुटलेली असते.

दुसरा, ती पुरेशी आहे का? 15 लिटर पाणी 27 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास 2 किलोवॅटच्या गीझरला सुमारे 17 मिनिटे लागतात. विजेचा दाब 230 व्होल्टवरून 184 वर उतरला, तर शक्ती 64 टक्केच उरते आणि तेच काम 27 मिनिटांवर जाते. हा बिघाड नव्हे, धीर धरावा.

तिसरा, ती पाण्यात पोहोचते आणि टिकते का? कठीण पाण्यातील चुना कॉईलवर साचतो. मग कॉईल आतल्या आत अधिक तापते आणि अखेर जळते. म्हणून विंधनविहिरीचे पाणी वापरणाऱ्यांनी टाकी अधूनमधून साफ करवून घ्यावी. कधी दोष केवळ नळाचा असतो: गार पाणी आत मिसळत राहते.

एवढी तपासणी घरच्या माणसाने करावी. झाकण मात्र उघडू नये. संरक्षक कळी वारंवार प्रवाह तोडत असेल, तर तिला वगळून तारा जोडून देणारा कारागीर उपकार करीत नाही. त्या कळीवाचून पाणी उकळून वाफेने टाकी फुटू शकते. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर पाण्याबाहेर येऊन कोरड्या हाताने घराचा मुख्य खटका बंद करावा, आणि अर्थिंग तपासून होईपर्यंत तो गीझर वापरू नये.

त्या पहाटे चुलीवर हंडाभर पाणी तापवून घ्यावे. तेवढ्याने स्नानाचे पुण्य उणे होत नाही.